नाव पुसणारी शाळा आणि 1912 चा फुटबॉल हंगाम



ऑलिंपिकच्या गोष्टी सांगताना जिम थॉर्पचं नाव कधीतरी निघतंच. 1912 साली स्टॉकहोमला त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. बहुतेक पुस्तकांत त्याची गोष्ट पदकांपाशी सुरू होते आणि पदकांपाशीच संपते. मी मात्र ती त्याच वर्षीच्या फुटबॉल हंगामापासून सांगते. कारण ती गोष्ट एका खेळाडूइतकीच एका शाळेची आहे, आणि शाळा म्हटलं की आपला संबंध आलाच.

ही शाळा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल या गावी होती. 1879 मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या लष्करी बराकींमध्ये ती सुरू केली. विद्यार्थी सगळे मूळ अमेरिकन जमातींचे. (आपल्या मुलांना कॉमिक्समुळे 'रेड इंडियन' हा शब्द माहीत असतो. तो आता वापरत नाहीत, हे आधीच सांगून टाका.) हजारो किलोमीटर दूरच्या वस्त्यांमधून मुलांना रेल्वेने इथे आणलं जाई. आल्याबरोबर केस कापायचे, घरचे कपडे काढून गणवेश घालायचा, आणि स्वतःची भाषा बोलायची नाही. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम. यातून 'सुसंस्कृत' माणूस तयार होईल, असं प्रॅटला मनापासून वाटत होतं. मला तर हीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. दुष्ट माणूस ओळखता येतो, पण भलं करायला निघालेला माणूस ओळखणं अवघड.

पहिल्या तुकडीत ओटा क्टे नावाचा लाकोटा मुलगा होता. त्याने मोठेपणी लिहून ठेवलं आहे, की शिक्षकांनी फळ्यावर इंग्रजी नावं लिहिली आणि मुलांच्या हाती छडी देऊन एकेका नावावर ठेवायला सांगितलं. त्याने एका नावावर छडी ठेवली आणि तो ल्यूथर झाला. ती अक्षरं त्याला वाचताही येत नव्हती.

आता खेळाकडे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे मुलांना पहिल्यांदा सांगावं लागतं. इथे चेंडू लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचं असतं आणि समोरचे अंगावर येऊन पाडतात. 1905 च्या हंगामात मैदानावर इतके तरुण दगावले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. 1906 पासून चेंडू पुढे फेकायची परवानगी मिळाली. 1912 मध्ये 10 यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. नुसत्या वजनाने रेटण्यापेक्षा वेग आणि युक्ती यांना भाव आला. कार्लाइलच्या पोरांकडे या दोन्ही गोष्टी भरपूर होत्या.

खरं तर कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच, ती उद्योगशाळा होती. पण संघातले बरेच खेळाडू विशीतले होते आणि सामने होत ते कॉलेजांशी. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, सगळे त्याला 'पॉप' म्हणत. क्वार्टरबॅक गस वेल्च. शिवाय जो गायन, अलेक्स अर्कासा आणि थॉर्प.

1912 च्या हंगामात हा संघ 14 सामने खेळला. 12 जिंकले, एक हरला, एक बरोबरीत. एकूण 504 गुण केले, विरोधात 114 झाले. मोठे सामने बहुतेक परगावीच, कारण तिकिटांचं उत्पन्न मोठ्या शहरात जास्त. शनिवारी 26 ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला हरवलं आणि सोमवारी 28 तारखेला कॅनडात टोरांटोला सामना! रेल्वेने किती अंतर होतं ते मुलांना नकाशावर मोजायला लावा.

9 नोव्हेंबरला सामना होता वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीच्या संघाशी. इथे क्षणभर थांबून मुलांना आठवण करून द्या: वुंडेड नीला लष्कराने लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली ती डिसेंबर 1890 मध्ये. म्हणजे जेमतेम 22 वर्षांपूर्वी. मैदानावर एका बाजूला त्या जमातींचे तरुण, दुसऱ्या बाजूला उद्याचे लष्करी अधिकारी. त्यांच्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक मुलगा होता, तोच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. लष्कराने आधी आघाडी घेतली. नंतर कार्लाइलने त्यांना अक्षरशः पळवलं. लष्कराच्या कर्णधाराने गायनला मारलं, म्हणून पंचांनी त्याला बाहेर काढलं. थॉर्पची एक लांबच लांब धाव नियमभंगामुळे रद्द झाली. शेवटी 27-6. थॉर्पचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या दिवशी तीन टचडाउन केले ते अर्कासाने.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून 34-26 असा पराभव झाला. हेही सांगा. मुलांना नेहमी जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी कशाला?

या संघाच्या कमाईतून शाळेत काही बांधकामं झाली. पण पैशांवर ताबा वॉर्नरचा होता, आणि ज्यांच्या जिवावर ते येत ती मुलं मात्र कडक शिस्तीत, साध्या जेवणावर राहत. अखेर वेल्चनेच पुढाकार घेतला. दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांनी तक्रारीच्या अर्जावर सह्या केल्या आणि 1914 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली. शाळेच्या प्रमुखाला जावं लागलं. वॉर्नरही 1915 मध्ये दुसऱ्या संघाकडे गेला. ज्या मुलांना इंग्रजी शिकवलं ते आज्ञा पाळण्यासाठी, त्यांनी त्याच इंग्रजीत अर्ज लिहिला. मला या हंगामातला सगळ्यात मोठा विजय हाच वाटतो, जरी तो मैदानावरचा नसला तरी.

थॉर्पचं काय झालं? जानेवारी 1913 मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं, की त्याने पूर्वी उन्हाळ्यात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. त्या काळी हौशी खेळाडूला हे चालत नसे. थॉर्पने पत्र लिहून ते कबूल केलं. इतर कॉलेजांची मुलंही असंच खेळत, फक्त ती स्वतःचं नाव लावत नसत, असं त्याने लिहिलं होतं. पदकं काढून घेतली गेली. मुलांना वाचून दाखवताना या पत्रापाशी मी दरवेळी थांबते. जिथे नावं बदलली जात त्या शाळेतला मुलगा, आणि अडकला तो खरं नाव लावल्यामुळे.

त्याचं घरचं नाव होतं वा-थो-हक, म्हणजे उजळ वाट. 1953 मध्ये तो वारला. 1982 मध्ये ऑलिंपिक समितीने त्याचा मान परत केला, पण संयुक्त विजेता म्हणून. एकमेव विजेता अशी नोंद व्हायला 2022 उजाडलं. कार्लाइलची शाळा 1918 मध्येच बंद पडली होती. तिथे दगावलेल्या मुलांच्या दीडशेहून जास्त कबरी मागे राहिल्या. 2017 पासून त्यांतले काही अवशेष त्या त्या जमातींच्या स्वाधीन केले जात आहेत.

वर्गात घ्यायला दोन तासिका लागतात. पहिलीत नकाशा आणि सामने. दुसरीत फळ्यावर ओटा क्टे आणि वा-थो-हक ही दोन नावं लिहा, आणि मुलांना वहीत आपलं घरचं नाव व ते कोणी ठेवलं एवढंच लिहायला सांगा. ज्यांची घरची बोली वेगळी आहे त्यांना ते त्या बोलीत लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका.