पक्ष्यांचे पाणपात्र : एक परिसरपाठ

समुद्रालगतच्या गावी पाणी चोहोकडे दिसते. परंतु ते खारे असल्याने उन्हाळ्यात चिमणी, बुलबुल, दयाळ यांस गोड्या पाण्याची वाण पडते. शिक्षकांनी मुलांकरवी शाळेच्या आवारात मातीचे पसरट, खरबरीत परळ मांडावे. पाणी दोन बोटांहून खोल नसावे. मध्ये एक दगड ठेवावा. जागा सावलीची, परंतु मांजरास दडण्याजोग्या झुडपापासून दूर असावी.

डासाच्या अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत डास निपजतो. यास्तव पाणी रोज बदलावे व दर तिसऱ्या दिवशी परळ काथ्याने घासावे. साबण वापरू नये. आलेल्या पक्ष्यांची नोंद मुलांनी ठेवावी. सुटीतील पाळ्या आधीच नेमाव्यात. ऐन वैशाखात पात्र कोरडे पडल्यास पाठ व्यर्थ होय.