हिरड्या आणि कूलंटची टाकी

आधी एक कबुली देते. मी पडले कॉन्व्हेंटची! 'गम्स'ना मराठीत काय म्हणतात हे मला अकरावीपर्यंत धड माहीत नव्हतं. आजी एकदा म्हणाली, "माझी हिरडी सुजलीये गं," तर मला वाटलं ती त्या औषधी हिरड्याबद्दलच काहीतरी सांगतेय. आज याच हिरडीवर मराठी विभागात लेख लिहितेय, म्हणजे प्रगती म्हणायची.

झालं असं, की गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसू लागला. रूममेट म्हणाली, "ब्रश कडक असेल, जाऊ दे." मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. जिथून रक्त येतं तिथे घासायचंच नाही! पंधरा दिवसांत रक्त वाढलं, तोंडाला वास येऊ लागला आणि व्हायव्हाला सरांसमोर मी तोंडावर हात ठेवून उत्तरं दिली. (मार्क त्यामुळे कमी पडले असं घरी सांगितलंय.)

रक्त आलं की तिथे घासू नये, ही समजूत नेमकी उलटी आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी, दंतवैद्यकाचे. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, तर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. औषध नाही, इंजेक्शन नाही. म्हणजे या दुखण्याचं मूळ दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, प्लाक. तो काढला की हिरडी आपोआप बरी होते.

हे पुस्तकात वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. शिरलं ते चाकणला. सुट्टीत तिथल्या एका मशीन शॉपमध्ये ट्रेनिंग केलं. सोमवारी सकाळी गेलं की सीएनसी मशीनच्या कूलंटच्या टाकीतून कुजकट वास यायचा. रविवारी मशीन बंद, कूलंट हलत नाही, जंतूंची चैन! मी हुशारी केली, "काका, जंतुनाशक टाकूया ना." तिथले मेंटेनन्सचे काका हसले. म्हणाले, "पोरी, वरून औषध ओतून काही होत नाही. टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरलाय, त्याच्या आत औषध जात नाही. आधी टाकी उपसायची, गाळ काढायचा, भिंती घासायच्या. मग नवीन कूलंट."

प्लाक म्हणजे हुबेहूब हाच बुळबुळीत थर. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून गिळणं हा इलाज नव्हे. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे, त्यामुळे या गोळ्यांचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही, पण हिरडीच्या साध्या सुजेवर त्या लागत नाहीत. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, थर मात्र निघत नाही. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांचा उपयोग होतो, पण थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. पेस्टने घासल्यावर लगेच नाही, अर्धा तास थांबून घ्यायचं.

थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून तो दगड होतो. याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही, ते स्केलिंगनेच निघतं. "स्केलिंगने दात ढिले होतात" हे हॉस्टेलवर मी किमान दहा जणींकडून ऐकलंय. खरं असं, की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाने दात जणू सिमेंट भरल्यासारखे धरून ठेवलेले असतात. ते काढल्यावर खरी परिस्थिती कळते, एवढंच. माझं तसं काही नव्हतं. डॉक्टरांनी बारीक खुणा असलेली एक सळई हिरडी आणि दात यांच्या मध्ये घालून खोली मोजली. आपला डेप्थ गेजच की! १ ते ३ मिमी ठीक, ४ च्या पुढे गेलं की प्रश्न. माझी ३ निघाली. नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. सूज खाली हाडापर्यंत गेली तर रोग थांबवता येतो, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

घासायचं कसं? मऊ ब्रश, दात आणि हिरडी मिळतात तिथे ४५ अंशांत टेकवून छोट्या छोट्या हालचाली, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस. लेथवर चॅम्फर करताना कोन पाहतो, तेवढं लक्ष इथे दिलं तरी पुरे. माझं रक्त दहाव्या दिवशी थांबलं.

आता मेसच्या मावशींचं. माझी ही कटकट ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्यात कुणाला असलं काही होत नाही. मिश्री लाव, दुखायचं थांबतं." मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. कॉन्व्हेंटच्या आरोग्याच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं. आपल्याकडे कितीतरी घरांत बायका ती दात घासायला म्हणून लावतात. दाताच्या पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली देशभर बंदी झाली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? मावशी दिवसातून चार वेळा लावायच्या. दुखणं दबायचं, हिरडी मात्र खाली सरकत गेली आणि खालचे दोन दात हलू लागले. आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आजार लपून राहतो. मुलांच्या हॉस्टेलने हे वाक्य दोनदा वाचावं.

मावशींना मी पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात नेलं. एक दिवसाचा खाडा पडेल म्हणून त्या तयार नव्हत्या, मग आम्ही चौघींनी त्या दिवशी पोळ्या लाटल्या. (त्या कशा झाल्या ते विचारू नये.) डॉक्टरांनी दात नंतर पाहिले. आधी गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला, बोटाने पुसून पाहिला, तो निघाला नाही. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतच्या आठवड्यात मावशी मेसमध्ये कुणाशी बोलल्या नाहीत. मी माझ्या गुलाबी फेसाचं केवढं कौतुक केलं होतं, त्याची मला तेव्हा लाज वाटली.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. पण चट्टा आहे, तो दर तीन महिन्यांनी दाखवायचा आणि मिश्री बंद करायची. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, पू आला, दात हलू लागला, किंवा मधुमेह असून हिरड्या सुजल्या, तर परीक्षा संपायची वाट बघू नका.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. मावशींनी माझ्याच मोबाईलवरून दोनदा लावला. चारवरून त्या एकावर आल्यात, सकाळची. ती सुटत नाही म्हणतात. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीत येतेय, म्हणून मी घरी दोन दिवस उशिरा जाणार आहे.