चौघांचा डाव

लपंडाव किंवा लगोरी खेळण्यासाठी मुले जमली, की बहुधा एखादे चार-पाच वर्षांचे धाकटे भावंडही हट्टाने तेथे येऊन उभे राहते. त्याला घरी पाठवावे, तर ते भोकाड पसरणार. बरोबरीने खेळवावे, तर पहिल्याच फेरीत बाद होणार. अशा वेळी मोठी मुले त्याला 'लिंबूटिंबू' ठरवतात. ते पकडले गेले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. पण आळीतील प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच तो बोलून ठरवला जातो.

अमेरिकेत जन्मलेल्या एका पत्त्यांच्या खेळात हाच प्रश्न मोठमोठ्या माणसांना सतावीत आला आहे. त्या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. गणिताचे प्राध्यापक रिचर्ड गार्फील्ड यांनी तो रचला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ साली तो बाजारात आणला. आपल्या नेहमीच्या खेळात बावन्न पत्त्यांचा एकच कॅट पिसून सर्वांना वाटतात. राजा कोणाकडे जाईल आणि दुर्री कोणाकडे, हे नशिबावर असते. या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतःचे पत्ते घरून आणतो. ते तो विकत घेतो, मित्रांशी अदलाबदल करून मिळवतो आणि त्यांतून निवडून स्वतःची जुडी बांधतो. या जुडीला 'डेक' म्हणतात. पत्त्यांवर राक्षस, देवदूत, जादूचे मंत्र, नाना प्रकारची यंत्रे असतात. त्यांतील काही पत्ते दुबळे, तर काही विलक्षण प्रबळ असतात.

एका गावातील मंडळी थोडेच पत्ते विकत घेतील, त्यामुळे प्रबळ पत्ता गावात एखाद्याकडेच असेल, असा गार्फील्ड यांचा अंदाज होता. तो साफ चुकला. पहिल्या छपाईचे सुमारे २६ लाख पत्ते बघता बघता संपले. हौशी लोकांनी पुड्यांमागून पुडे विकत घेतले. एका पत्त्याच्या किती प्रती डेकमध्ये ठेवाव्यात यावर आरंभी बंधन नव्हते. तेव्हा ज्याची ऐपत मोठी, त्याचा डेक भारी, असे होऊ लागले. शेवटी १९९४ साली स्पर्धांसाठी मर्यादा घालण्यात आली : साध्या भूमीचे पत्ते सोडून कोणत्याही पत्त्याच्या चारच प्रती, आणि काही पत्त्यांची एकच.

याच सुमारास, १९९० च्या दशकात, अलास्का प्रांतातील काही खेळाडूंनी आपल्या मित्रमंडळापुरता एक निराळा प्रकार काढला. पुढे शेल्डन मेनरी या स्पर्धा-पंचाने तो इतर पंचांना शिकवला, आणि दिवसभर स्पर्धा चालवून थकलेली ही मंडळी रात्री जेवणानंतर तो खेळू लागली. आज त्याला 'कमांडर' म्हणतात. यात बहुधा चौघे एकत्र बसतात. प्रत्येकाच्या डेकमध्ये शंभर पत्ते. त्यांतील एक सेनानायक. उरलेल्या नव्व्याण्णवांत, साध्या भूमीखेरीज, एकही पत्ता दोनदा येत नाही. दोघांच्या नेहमीच्या खेळात वीस प्राणांक असतात. येथे प्रत्येकाला चाळीस. साहजिकच डाव लांबतो, आणि कोणताही डाव आदल्या डावासारखा होत नाही. मेनरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचे नियम सांभाळण्यासाठी एक समिती केली. पत्ते छापणारी कंपनी या प्रकाराकडे वळली ती बरीच मागाहून. २०११ साली तिने त्यासाठी बांधलेले तयार डेक विक्रीस काढले.

चौघांच्या खेळात समतोल राखणारी एक युक्ती आपोआपच असते. एकजण फार जोरात आला, की उरलेले तिघे त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून कसलेला खेळाडू आपले बळ लपवतो, गरीब चेहरा करून बसतो आणि 'पाहा, तिकडे तो काय करतो आहे!' असे म्हणून शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. तह होतात, मोडतात, पुन्हा होतात. या खेळाची निम्मी मौज पत्त्यांत नसून या बोलाचालीत आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

परंतु ही युक्ती चालते ती तिघांना एकत्र येण्यास अवधी मिळाला तर. येथे थोडे गणित पाहावे लागेल. पत्ता टाकण्यासाठी जी शक्ती लागते, तिला 'माना' म्हणतात. ती मुख्यतः भूमीच्या पत्त्यांतून मिळते, आणि एका पाळीला भूमीचा एकच पत्ता मांडता येतो. म्हणजे पहिल्या पाळीला एक माना, दुसऱ्या पाळीला दोन, तिसऱ्या पाळीला तीन. 'माना क्रिप्ट' नावाचा एक पत्ता असा आहे, की तो मांडण्यास काहीच माना लागत नाही, आणि तो मात्र प्रत्येक पाळीला दोन माना देतो. ज्याच्या हातात तो पहिल्याच पाळीला आला, त्याच्यापाशी एकदम तीन माना जमतात. इतर तिघे जे तिसऱ्या पाळीला करू शकतील, ते हा पहिल्या पाळीला करून मोकळा होतो. असे पाच-सहा पत्ते एका डेकमध्ये असले, की तिघे सावध होण्यापूर्वीच डाव आटोपतो.

आता एखादा नवखा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. त्याने साठवलेल्या पैशांतून दुकानातला तयार डेक घेतला आहे. सेनानायक म्हणून अजस्र नाग त्याला फार आवडला आहे. त्याच्या समोर जो बसला आहे, त्याच्या डेकची किंमत या मुलाच्या डेकच्या वीसपट आहे. चौथ्या पाळीला डाव संपतो. नाग पेटीतून बाहेरही आलेला नसतो. येथे कोणीही रडीचा डाव खेळलेला नाही. प्रत्येक चाल नियमाला धरून झाली आहे. तरीही तो मुलगा पुढच्या रविवारी येईल की नाही, याची शंकाच आहे.

अशी गैरसोय टाळण्यासाठी खेळाडूंनी डेकच्या ताकदीला एक ते दहा असे अंक देऊन पाहिले. खेळापूर्वी विचारायचे, 'तुमचा डेक किती ताकदीचा?' उत्तर ठरलेले : 'असेल सातेक.' दुसऱ्याचाही सात, तिसऱ्याचाही सात. पुढे या सातांची चेष्टाच होऊ लागली. ती सर्वस्वी लबाडी नव्हती. आपल्या हाताने बांधलेल्या डेकला दुबळा म्हणवत नाही, आणि तो भयंकर आहे असे म्हणण्याचा संकोच वाटतो. शिवाय प्रत्येकाचे माप त्याच्या स्वतःच्या मित्रमंडळात ठरलेले असते. एका घोळक्यातला वाघ दुसऱ्या घोळक्यात मांजर ठरतो. तेव्हा अनुभवी मंडळी आकडा न विचारता साधे प्रश्न विचारू लागली. तुमचा डाव साधारण कितव्या पाळीला संपतो? दोनच पत्त्यांची जोडी जुळून सर्वांचा एकदम निकाल लागतो का? इतरांची भूमी नष्ट करणारे पत्ते आहेत का? या प्रश्नांना खरी उत्तरे देणे सोपे असते.

येथे एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. प्रबळ डेक बांधणे हा अपराध नव्हे. काही मंडळी चौघेही कमालीचे प्रबळ डेक घेऊन बसतात, कोणी कोणाची गय करीत नाही, आणि तो डाव अत्यंत चुरशीचा व निर्मळ होतो. तालमीत बरोबरीचे दोन मल्ल भिडले, तर कोणी तक्रार करीत नाही. दुखणे उद्भवते ते चौघांपैकी एकाने मनात कुस्ती धरलेली असते आणि तिघांनी लगोरी, तेव्हा.

समितीनेही नियमपुस्तकापेक्षा अशा आपसांतील बोलण्यावरच अधिक भिस्त ठेवली होती. मेनरी २०२३ साली कर्करोगाने निधन पावले. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, समितीने 'माना क्रिप्ट'सह चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यांतील काही पत्त्यांसाठी लोकांनी हजारो रुपये मोजले होते. एका रात्रीत त्यांचे मोल कोसळले. लोकांची नाराजी समजण्याजोगी होती. पण काहींनी समितीच्या सभासदांना चक्क धमक्या दिल्या. हे सभासद पगारी नोकर नव्हते. हौसेखातर काम करणारी माणसे होती. आठवडाभरातच त्यांनी सारा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. खेळीमेळीसाठी जन्मलेल्या खेळाच्या वाट्याला हे यावे, ही गोष्ट अनेक जुन्या खेळाडूंच्या जिव्हारी लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने डेकचे पाच वर्ग सुचवले. पहिल्या वर्गात केवळ गंमत म्हणून बांधलेले डेक. दुसऱ्यात दुकानातल्या तयार डेकच्या तोडीचे. तिसऱ्यात निगुतीने सुधारलेले. चौथ्यात बंदी नसलेले सारे काही वापरणारे. आणि पाचव्यात निव्वळ स्पर्धेचे. डावाला एकाएकी कलाटणी देणाऱ्या पत्त्यांची एक यादीही तिने केली. पहिल्या दोन वर्गांत त्यांतला एकही पत्ता चालत नाही, तिसऱ्यात तीनपर्यंत चालतात. या वर्गवारीतूनही पळवाटा निघतात. यादीतला एकही पत्ता न वापरता भयंकर डेक बांधणारे कारागीर आहेतच. म्हणूनच, हे वर्ग म्हणजे बोलणे सुरू करण्याचे साधन आहे, असे कंपनीने आरंभीच सांगितले.

बरेच खेळाडू आता पिशवीत दोन-तीन निरनिराळ्या ताकदीचे डेक बाळगतात. टेबलाशी एखादा नवा मुलगा येऊन बसतो आणि आपला तयार डेक जरा ओशाळून पुढे ठेवतो. 'हा पहिलाच डाव का?' कोणीतरी विचारते. तो मान हलवतो. समोरचा खेळाडू हातातला डेक पेटीत घालतो, पिशवी चाचपून दुसरा काढतो, आणि तो पिसता पिसता विचारतो, 'तुझा सेनानायक कोण, ते तर दाखव!' मुलगा नागाचा पत्ता उलटून मध्ये ठेवतो. चौघेही त्यावर वाकतात. मग पहिली पाळी कोणाची हे ठरवण्यासाठी फासा टाकला जातो.