पडद्यावरचं अपंगत्व : पिक्चर बघताना विचारायचे पाच प्रश्न

सुरुवात आमच्याच मजल्यावरून करतो.

मागच्या सत्रात सबमिशन संपल्याच्या आनंदात हॉस्टेलवर 'सैराट' लावला होता. शनिवार होता, काष्टीचा जनावरांचा बाजार नुकताच उठला होता, रस्त्यावर बैलांचे टेम्पो चालले होते. पिक्चर सगळ्यांनी आधी दहादा पाहिलेला, तरी हॉल भरला. गाण्यांवर शिट्ट्या झाल्या, शेवटी नेहमीसारखी शांतताही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मजल्यावरच्या एका मित्राचं नाव बदललं होतं. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड आहे. मेसच्या रांगेत कुणीतरी हाक मारली, "ए लंगड्या, ताट घे!" सगळे हसले. मीही हसलो. तोही हसला.

दोन दिवस तो हसत होता. तिसऱ्या दिवसापासून मेसला उशिरा, सगळे जेवून गेल्यावर यायला लागला. आठवड्याने मी विचारलं तर म्हणाला, "पिक्चरमध्ये तो दोस्तासाठी मार खातो, अन् दोस्त त्याच्याशिवाय कुठं जात नाहीत. तुम्ही तेवढं नाव उचललंत."

त्याचं हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख लोकांना कुठलं ना कुठलं अपंगत्व आहे, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. साठ जणांच्या वर्गात हिशेबाने एक जण तरी. हा 'एक जण' आपल्याला बहुतेक वेळा प्रत्यक्ष भेटायच्या आधी पडद्यावर भेटतो, आणि पडद्यावर जसा भेटला तसाच आपण त्याला वागवतो. म्हणून पिक्चर किंवा सिरियल बघताना पुढचे पाच प्रश्न विचारून बघा.

प्रश्न पहिला : शरीरातलं व्यंग स्वभावाची खूण म्हणून वापरलंय का?

आपल्या आईवडिलांच्या पिढीने १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' पाहिलं. त्यातली कुबड काढलेली, एक डोळा बारीक करून बघणारी मंथरा अजून सगळ्यांना आठवते. पाठोपाठ 'महाभारत' आलं, त्यातला कपटी शकुनी लंगडत चालायचा. लहान मुलाने यातून काय शिकायचं? ज्याचं अंग वाकडं, त्याचं मन वाकडं.

आता मंथरेची खरी गोष्ट बघा. ती भूमिका करणाऱ्या ललिता पवार येवल्याच्या. काष्टी स्टेशनवरून मनमाडकडे जाणारी गाडी त्याच येवल्यावरून जाते. तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, काही वर्षं उपचारात गेली आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. त्यानंतर नायिकेच्या भूमिका गेल्या आणि खाष्ट सासू, दुष्ट बाई अशा भूमिका नशिबी आल्या. त्या त्यांनी इतक्या ताकदीने केल्या की लोक त्यांना खरंच घाबरायचे. पण बाई तीच, अभिनय तोच, एक पापणी तेवढी खाली आली, आणि सिनेमाने तिला 'चांगल्या' माणसांतून उचलून 'वाईट' माणसांत बसवलं. 'श्री ४२०' (१९५५) मधली केळेवाली आणि 'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा हे मायाळू अपवाद. 'अनाडी'साठी तर त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. म्हणजे त्या डोळ्यात माया दिसू शकत होती. दाखवायची की नाही, हे ठरवणारे दुसरेच होते.

प्रश्न दुसरा : पात्र माणूस आहे, की नुसतं रडवायचं साधन?

दुष्टपणाच्या नंतरचा टप्पा दयेचा. इथे मराठी सिनेमाने चांगलं काम केलंय. १९९१ चा 'चौकट राजा' घ्या. दिग्दर्शक संजय सूरकर. लहानपणी झालेल्या अपघाताने मतिमंदत्व आलेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी उभा केला. त्याची बालमैत्रीण आता संसारी बाई आहे (स्मिता तळवलकर), आणि इतक्या वर्षांनी समोर आलेल्या या नंदूशी कसं वागावं हे तिला कळत नाही. पिक्चर रडवतो, नाही असं नाही. पण तो प्रश्न नंदूला विचारत नाही, आपल्याला विचारतो : तुम्हाला याची भीती का वाटते? 'कच्चा लिंबू' (२०१७) मध्ये हाच प्रश्न घराच्या आत येतो. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' कादंबरीवर प्रसाद ओक यांनी केलेल्या या चित्रपटात विशेष मुलाच्या आईबापांची दमछाक कुठलाही गुळगुळीतपणा न करता दाखवलीय.

दयेला सरळ नकार देणारा सिनेमा मात्र आपल्या सई परांजपे यांचा, हिंदीतला 'स्पर्श' (१९८०). नसीरुद्दीन शाह यांनी केलेला अनिरुद्ध अंध शाळेचा मुख्याध्यापक आहे. त्याला मदत चालते, कीव चालत नाही. तो हट्टी आहे, अहंकारी आहे, प्रेमात चुका करतो. थोडक्यात, आपल्यासारखाच आहे. शाळेतली मुलंही खरी अंध मुलंच होती. नसीरुद्दीन यांना अभिनयाचा आणि सईताईंना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सोपी कसोटी सांगतो. अपंग पात्राला एखादा दुर्गुण दिलाय का बघा. ज्याला फक्त सहन करायचं आणि प्रेरणा द्यायची एवढंच काम आहे, तो माणूस नाही, कॅलेंडरवरचा फोटो आहे.

प्रश्न तिसरा : हसणं कुणावर आहे?

इथे आमची मेसची रांग येते. २०२३ साली 'आँख मिचोली' नावाचा एक हिंदी चित्रपट आला. त्यातल्या अपंग पात्रांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ जुलै २०२४ रोजी निकाल लागला. तो तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही, पण दिग्दर्शकांसाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. हिणवणारे शब्द टाळा, ठरावीक साचे वापरू नका, अपंगांविषयी काही करायचं तर त्यांना सोबत घेऊन करा. सगळ्यात महत्त्वाचा फरक विनोदाबद्दलचा. अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा.

हा फरक 'सैराट'वर लावून बघा. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट (२०१६) आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालाय. त्यातला प्रदीप ऊर्फ 'लंगड्या' साकारणारे तानाजी गलगुंडे यांच्या स्वतःच्या पायात जन्मजात दोष होता. गावात अशी नावं पडतात, ते चित्रपटाने लपवलं नाही. पण त्या नावाच्या पलीकडे त्याला पूर्ण माणूस केलं. तो टोमणे मारतो, दोस्ताच्या भानगडीत जीव धोक्यात घालून उतरतो, मारही खातो. म्हणजे नाव दोस्तीच्या आत आहे. आम्ही नाव घेतलं आणि दोस्ती पडद्यावरच सोडली. पडद्यावर जो विनोद समजून घेणारा होता, तोच आमच्या रांगेत कमी लेखणारा झाला. शब्द एकच.

प्रश्न चौथा : भूमिका कोण करतंय?

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पुढे १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' २०२४ मध्ये आला, भूमिका कार्तिक आर्यनने केली. उलट, डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्यावरच्या 'यलो' (२०१४) मध्ये मोठी गौरी तिने स्वतःच साकारली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला आणि गौरीच्या कामाचीही खास दखल घेतली गेली.

कुणी म्हणेल, अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच की! बरोबर आहे. नसीरुद्दीन अंध नव्हते आणि त्यांचं काम उत्तमच होतं. पण मुद्दा हिशेबाचा आहे. धडधाकट माणसाच्या भूमिका अपंग कलाकाराला मिळत नाहीत. अपंगाची भूमिकाही धडधाकट नटाला गेली, तर त्या कलाकाराने जायचं कुठे? परदेशातही हे सहज झालं नाही. कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिनला १९८७ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यानंतर दुसऱ्या कर्णबधिर कलाकाराला, 'कोडा'साठी ट्रॉय कोटसूरला, ते मिळायला २०२२ उजाडलं. आपल्याकडे २०२५ च्या 'सितारे जमीन पर' मध्ये बौद्धिक वाढीत वेगळेपण असलेल्या दहा कलाकारांना घेतलं, ही चांगली सुरुवात.

यातलं सगळ्यात पुढचं पाऊल मला सुधा चंद्रन यांचं वाटतं. अपघातात पाय गेल्यावर जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या आणि 'नाचे मयूरी' (१९८६) मध्ये स्वतःचीच भूमिका केली. मेकॅनिकलच्या मंडळींनी लक्ष द्यावं : जयपूर फूट हे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांचं काम. रबर आणि लाकडाचा हा पाय घोट्याशी वेगवेगळ्या दिशांना वाकतो, म्हणून त्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात चालता येतं. पण खरी मजा पुढे आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'कहीं किसी रोज' मालिकेत सुधाताई रमोला सिकंद नावाची खलनायिका झाल्या. त्या भूमिकेचा पायाशी काही संबंधच नव्हता! ललिता पवारांना डोळ्यामुळे खलनायिका केलं. सुधाताई खलनायिका झाल्या त्या केवळ अभिनयामुळे. दोन्हींतला फरक ज्याला कळला, त्याला हा लेख अर्धा कळला.

प्रश्न पाचवा : पिक्चर कुणाला बघता येतो?

'श्वास' (२००४) आपल्याला माहीत आहे. डोळ्याच्या कॅन्सरमुळे ज्याची दृष्टी जाणार आहे त्या परशुरामला आजोबा ऑपरेशनआधी जग दाखवायला घेऊन जातात. संदीप सावंत यांचा हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. पण असा विचार करा : हा परशुराम मोठा होऊन थिएटरात आला, तर त्याला हा पिक्चर कळेल का? आजोबा त्याला काय काय दाखवतात, हे संवादात सगळं येत नाही. ते दिसतं.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या विषयातला आहे. दोन संवादांमधल्या रिकाम्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते थोडक्यात सांगणारा वेगळा ध्वनिपट जोडतात. त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. कर्णबधिरांसाठी कॅप्शन असतात. ते साध्या सबटायटलपेक्षा वेगळे. त्यात कोण बोलतंय, दार वाजलं, मागे ढोल सुरू झाला, हेही लिहिलेलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि दृक्श्राव्य माध्यमं सर्वांना वापरता यावीत अशी तरतूद केली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांत श्रवण आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांच्या सोयींसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

सरकार करेल तेव्हा करेल, आपण काय करू शकतो? सिव्हिलवाल्यांनी रॅम्पचा हिशेब करावा. उताराचं मान १:१२. हॉलला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प हवा ५.४ मीटर लांब. हा मिनी प्रोजेक्टचा विषय आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी गॅदरिंगच्या शॉर्टफिल्मला मराठी कॅप्शन जोडावेत, एका रात्रीचं काम आहे. आणि पुढच्या वेळी पिक्चर लावताना कॅप्शन चालू ठेवा, काही बिघडत नाही. पंख्याच्या आवाजात निम्मे संवाद आपल्यालाही ऐकू येत नाहीत!

शेवटी पुन्हा आमच्या मजल्यावर येतो. काष्टीच्या बाजारात बैल घेताना दात मोजतात, चार पावलं चालवून लंगडतो का ते बघतात. बैल घ्यायचा तर ते बरोबरच आहे. आम्ही तीच नजर घेऊन मेसच्या रांगेत उभे होतो.

आम्ही तिघे-चौघे त्याच्या खोलीत जाऊन चुकलं म्हणालो. तो म्हणाला, "ठीक आहे, पण पुढचा पिक्चर मी निवडणार." त्याने काय निवडावं? कुठलाही प्रेरणादायी चित्रपट नाही. 'अशी ही बनवाबनवी'! आणि त्या दिवशी आम्ही जेवायला त्याच्यासाठी थांबलो. हाक मारली ती आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने.