कोलेस्टेरॉल वाढले की हाडांचे काय होते?

आरोग्य शिबिरात रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आयाबहिणी हमखास विचारतात, "कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणूनच गुडघे दुखतात का हो?" याला हो किंवा नाही एवढे उत्तर पुरत नाही. प्राण्यांमध्ये काय दिसले, ते आधी पाहू.

कोलेस्टेरॉल मुळात विष नव्हे. आपले यकृतच ते बनवते. गर्भात हातपाय, बोटे, चेहरा घडताना 'हेजहॉग' नावाचे प्रथिन पेशींना निरोप देते, की इथे हे घडवा, तिथे ते. त्या प्रथिनाला कोलेस्टेरॉल जोडले जाते, हे १९९६ मध्ये कळले. गाभण उंदरिणींना कोलेस्टेरॉल बनू न देणारे औषध दिले, तेव्हा पिलांचे चेहरे नीट घडले नाहीत. अमेरिकेतल्या आयडाहोत रानवनस्पती खाल्लेल्या मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरे होत. त्या वनस्पतीतले द्रव्य हाच निरोप अडवत होते. कोप नाही, शाप नाही, रसायन.

आता जास्त झाले तर? हाडाच्या मगजातल्या मूळ पेशीपासून हाड, कूर्चा किंवा चरबी यांची पेशी होऊ शकते. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती गुळगुळीत गादी. कानाचा वरचा भाग वाकवून बघा, तोही कूर्चेचाच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झिजली की सहजी भरून येत नाही. कोलेस्टेरॉल खूप वाढवलेल्या उंदरांत हाड खाणाऱ्या पेशी वाढल्या, हाड विरळ झाले, कूर्चा लवकर झिजली. काही प्रयोगांत तर सांध्याच्या कडेला नको तिथे हाड वाढले.

पण यातले बरेच उंदीर जनुके बदललेले होते आणि त्यांचा आहारही मुद्दाम चरबीचा होता. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. प्रयोगशाळेची बातमीही तशीच पारखावी. आपल्याकडे गुडघे दुखण्यामागे वय, वजन, जुना मार, उकिडवे बसून केलेली कामे आणि नळावरून वाहिलेले हंडे असतात. ती कारणे आधी पाहावीत, असे आम्हाला वाटते.

कोलेस्टेरॉलची गोळी गुडघ्यासाठी नसते, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी असते. गुडघा थांबला नाही म्हणून ती मनाने बंद करू नका. मात्र गोळी चालू असताना दिवस गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. गर्भाला कोलेस्टेरॉल का लागते ते वर आलेच आहे.

आणि घरात कुणाचा रिपोर्ट वाढला म्हणून पोरांचे अंडे बंद करू नका. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, सोबत चांगले प्रथिनही. बंद करायचेच असेल तर पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातले वडे-भजी आणि वनस्पती तूप आधी बंद करा.