बकरी, बांबू आणि साईन-कॉस

रात्री दहाला आपल्या तोंडावर बंद होणारं होस्टेलचं चॅनल गेट तुम्ही कधी नीट पाहिलंय का? उशीर झाल्यामुळे मी ते बऱ्याचदा बाहेरून पाहिलं. त्यातूनच हा उद्योग सुचला.

आमचं गाव भिवापूरकडे. आई दुसऱ्याच्या विहिरीजवळचा तुकडा मक्त्याने घेऊन भाजी लावते. तुकडा दरवर्षी बदलतो, मापही बदलतं. त्यामुळे पक्कं कुंपण घालणं परवडत नाही. जुन्या लुगड्यांचं कुंपण असायचं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी बकऱ्या त्याखालून शिरल्या आणि वांगी, मेथी सगळी साफ! माझ्या मेसचे पैसे त्याच वांग्यांतून यायचे, म्हणून हे प्रकरण माझ्यासाठी नुसतं टर्मवर्क नव्हतं.

चॅनल गेट म्हणजे कैचीसारख्या एकमेकांवर खिळलेल्या पट्ट्या. तशाच बांबूच्या पट्ट्या बोल्टने जोडल्या तर पाहिजे तेवढं ताणता येणारं कुंपण होईल, असं वाटलं. पहिला प्रयोग होस्टेलच्या झेंडूच्या वाफ्यावर. पट्टी १.२ मीटरची. जमिनीशी ६० अंशात उभी असताना कुंपण चार मीटर लांब, एक मीटर उंच. वाफ्याला साडेसात मीटर हवे होते. ओढलं, पुरलं! पण कोन २० अंशांवर आला आणि उंची राहिली जेमतेम ४१ सेंटीमीटर. लांबी कॉसने वाढते, उंची साईनने घटते. हे बारावीपासून पाठ होतं, पण वाफ्यावर आठवलं नाही. त्यात ६ मिमी बोल्टला मी ८ मिमीची भोकं पाडलेली. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई, ती साठत जाऊन मधला भाग पोटासारखा खाली आला. संध्याकाळी माळीकाका म्हणाले, "काहून गा, हे कुंपण हाय का बकऱ्यांची शिडी?" झेंडू अर्थातच गेला होता.

मग चॅनल गेटची उंची का बदलत नाही? कारण त्यात उभे चॅनल असतात आणि पट्ट्यांची काही टोकं त्यांच्या खाचेत वर-खाली सरकतात. युक्ती उत्तम, पण बांबूला उभी लांब खाच पाडली की तो चिरतो. दोन बांबू वाया घालवून हे शिकलो.

आईच्या वाडीचा घेर ५० मीटर. सगळं कुंपण जाळीचं करायचं, सांध्यांमध्ये १५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं, तर पाचशेच्या वर पट्ट्या आणि तीन हजार बोल्ट! इथे डोक्यात प्रकाश पडला: सगळंच कुंपण कमीजास्त व्हायची गरज काय? बुरडाकडून सहा फुटी तट्टे विणून घ्यायचे, म्हणजे १.८३ मीटरचे, आणि उरलेल्या फटीपुरती एकच जाळी. पट्टी दीड मीटरची घेतली. उंची १.२ मीटरखाली जाऊ द्यायची नाही, असं ठरवलं. तेवढ्यात जाळी ०.७५ पासून २.६ मीटरपर्यंत सरकते. फरक १.८५, तट्ट्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त! त्यामुळे घेर काहीही असला तरी जमतं. यंदा २६ तट्टे लागले, ४७.५८ मीटर. उरलेले २.४२ जाळीने भरले, उंची १.२४. बोल्ट दीडशेच्या आसपास, भोकं या वेळी साडेसहाची.

खांबांचं वेगळंच दुखणं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पुरलेला खुंटा वर्षभरात वाकडा होतोच. (सॉईल मेकॅनिक्सवाले हसतील, पण मला हे घरी कळलं.) म्हणून खांब पुरलेच नाहीत. दोन बांबूंची कैची करून तिला तट्टे टेकवले आणि पायावर दगड ठेवले. मोठं जनावर रेटून आलं तर हे टिकणार नाही. रोही, रानडुकरांसाठी तर हे नाहीच. वाळवीचाही उपाय अजून सापडलेला नाही. पायांना डांबर फासून पाहतोय.

दिवाळीत कुंपण उभं केलं. आत जायला दार ठेवायचंच विसरलो होतो. मी डोकं खाजवत असताना आईने जाळीच्या एका टोकाची दोरी सोडली, जाळी गोळा करून बाजूला सारली आणि टोपली घेऊन आत गेली.