जखमीचा पहिला तास आणि भूलतज्ज्ञाचे करिअर

लातूर-नांदेडात नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या घरी पुढचा बेत बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो: एमबीबीएस, मग सर्जरी, मेडिसिन किंवा रेडिओलॉजी. पीजीला भूलशास्त्र मिळाले की घरातले चेहरे उतरतात. ‘भूल द्यायची ह्याने आणि नाव सर्जनचे,’ असे पालक बोलूनही दाखवतात. ही समजूत आता सोडायला हवी. गंभीर अपघातातल्या जखमीला वाचवणाऱ्या टीमचे नेतृत्व भूलतज्ज्ञ करू शकतो आणि आपल्या भागाला असे डॉक्टर हवे आहेत.

गरज किती मोठी?

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली 15 हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रीही चालतात. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दुचाकीस्वाराला दिसतच नाही. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका धावते आहे, पण जखमी दवाखान्याच्या दारात पोहोचला की पुढचा तास कोण सांभाळणार, यावर सगळे अवलंबून असते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने तर एकाच पहाटे शेकडो जखमी आले तर काय होते, हेही या भागाला दाखवले आहे.

काम नेमके कसे चालते?

समजा, दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण आणला. श्वास घरघरतो आहे, रक्तदाब 80 वर उतरलाय, मानेला मार असण्याची शंका आहे. एक जण दोन्ही हातांनी डोके स्थिर धरतो. रक्तदाब आणखी कोसळू नये म्हणून भूलतज्ज्ञ केटामाइनसारखे औषध बेताने देतो आणि मान न हलवता श्वासनलिकेत नळी घालतो. तोवर दोन्ही हातांना जाड सुया लागतात, रक्तपेढीला फोन जातो. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे स्वस्त औषध पहिल्या तीन तासांत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे 2010 च्या ‘क्रॅश-2’ या जागतिक अभ्यासात दिसले. रुग्णाला पांघरूण घालून ऊब देतात, कारण अंग गार पडले की रक्त नीट गोठत नाही.

या सगळ्यात टीमचा प्रमुख शक्यतो रुग्णाच्या पायथ्याशी उभा असतो. तो स्वतः सुई हातात घेत नाही. मॉनिटर, घड्याळ आणि प्रत्येकाचे काम यांवर त्याची नजर असते. सीटी स्कॅन आधी की थेट ऑपरेशन थिएटर, हा निर्णय तो घेतो. श्वास, रक्तदाब, रक्त आणि आयसीयू हे भूलतज्ज्ञाचे रोजचे काम असल्याने ही जबाबदारी पेलायची तयारी त्याच्याकडे असते. इंग्लंडमध्ये 2012 पासून गंभीर जखमींसाठी रुग्णालयांची प्रादेशिक जाळी उभी आहेत. तिथे योग्य प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञही अशा टीमचे प्रमुख होतात.

मार्ग कसा?

बारावीनंतर नीट आणि इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयही जवळच. त्यानंतर नीट-पीजीतून भूलशास्त्रात एमडी किंवा डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे. पुढे नीट-एसएसमधून क्रिटिकल केअरचे तीन वर्षांचे डीएम. दिल्लीच्या एम्सचे जयप्रकाश नारायण अ‍ॅपेक्स ट्रॉमा सेंटर हे या कामाचे देशातले मोठे शिक्षणकेंद्र आहे. ‘एटीएलएस’ हा काही दिवसांचा कोर्स मात्र प्रत्येकाने करावा. जखमीला तपासण्याचा ठरलेला क्रम त्यात अंगवळणी पडतो. शासकीय महाविद्यालयात शिकल्यास बंधपत्राची सेवाही द्यावी लागते; ती वर्षे हिशेबात धरा. पण या सेवेत जिल्ह्यातल्या रुग्णालयात जे शिकायला मिळते, ते मोठ्या शहरात सहजी मिळत नाही.

एमबीबीएसला नंबर लागला नाही, तरी या टीमची दारे बंद होत नाहीत. ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञाचा बीपीएमटी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते.

कोणाला जमेल?

गोंधळात डोके शांत ठेवणारा, आपले म्हणणे थोडक्यात आणि स्पष्ट सांगणारा, नर्सचाही सल्ला ऐकणारा विद्यार्थी इथे चमकतो. रात्रपाळ्या आहेत, ताण आहे आणि सगळे प्रयत्न करूनही काही रुग्ण हाताला लागत नाहीत. हे आधीच माहीत असावे.

पालकांनो, एमडी होईपर्यंत मुलगा किंवा मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होईल. तेवढा धीर धरा आणि शाखेची प्रतिष्ठा शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून ठरवू नका. शक्य असेल तर जवळच्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाला मुलांसोबत भेटा, त्यांच्या एका दिवसाबद्दल विचारा आणि मगच यादीत पसंतीक्रम भरा.